अंग उलायला लागलं की: नागपूरच्या थंडीतले घरगुती उपाय, मापासह

नडगीवर नखानं हलकी रेघ ओढून पाहा. पांढरी रेघ उमटून तशीच राहिली, तर त्वचेचा वरचा थर कोरडा पडलाय. रेघेच्या बाजूनं बारीक कोंडा उडाला, तर कोरडेपणा बऱ्याच दिवसांचा आहे. आणि रेघ ओढताच आग झाली, तर बारीक चिरा गेल्या आहेत. अशा अंगावर खालचे सगळे उपाय चालत नाहीत. कोणते चालत नाहीत, ते त्या त्या ठिकाणी सांगितलंय.

नागपुरात दिवाळीचे दिवे उतरले की ही रेघ उमटायला लागते. खरं तर इथला मे महिना डिसेंबरपेक्षा जास्त कोरडा असतो. मग अंग मेमध्ये का उलत नाही? उन्हाळ्यात घाम येतो, त्वचेतलं तेल पातळ होऊन सगळीकडे पसरतं आणि घरात दिवसरात्र कूलर ओली हवा फेकत असतो. थंडीत यातलं काहीच नसतं. घाम नाही, तेल कमी सुटतं, कूलर ताडपत्रीखाली झाकलेला. त्यात पहाटेचा पारा दहाच्या खाली गेला की (२९ डिसेंबर २०१८ ला तर तो ३.५ अंशांवर आला होता) माणूस कढत पाण्याच्या दोन बादल्या अंगावर घेतो, साबण चोळतो आणि उरलंसुरलं तेलही धुऊन टाकतो. म्हणजे निम्मं नुकसान हवा करते आणि निम्मं न्हाणीघरात आपणच करतो.

उपायांकडे जाण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तेल त्वचेला पाणी देत नाही. तेल, तूप, मेण हे आत असलेलं पाणी उडू देत नाहीत, एवढंच. त्यामुळे दुपारी दोन वाजता कोरड्याठक्क हातावर खोबरेल चोळलं तर हात चकचकीत दिसतो, पण आतून तसाच ओढल्यासारखा राहतो. तेच तेल, त्याहून कमी, आंघोळीनंतर ओलसर अंगावर लावलं तर संध्याकाळपर्यंत टिकतं. कोणतं तेल हा प्रश्न नंतरचा. आधी प्रश्न कधी लावलं हा.

आंघोळ आधी सुधारा

पाणी कोमट हवं. कोपर बुडवून पाहा: ऊब जाणवली पाहिजे, चटका नाही. आंघोळीनंतर अंग लालसर दिसत असेल तर पाणी नक्की जास्त गरम होतं. वेळ पाच ते सात मिनिटं, एक बादली, फार तर सव्वा. थंडीत वाफेत उभं राहावंसं वाटतं हे खरं, पण दहा मिनिटांच्या गरम पाण्यानंतर त्वचेतलं तेल साबणाशिवायही निघून जातं.

साबण रोज सगळ्या अंगाला लावायची गरज नाही. काखा, जांघा, पाय, बस. हातांना, पोटऱ्यांना, पाठीला एक दिवसाआड. त्वचा स्वतः किंचित आंबट असते, तिचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण पाचच्या आसपास. वडीचा साबण नऊ-दहाचा. रोजच्या रोज तो चोळला की वरच्या थरातलं तेल निघतं आणि ते भरून यायला वेळ मिळत नाही.

बोअरचं पाणी असलेल्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, आणखी एक भानगड असते. बादलीत टाकायचा हीटरचा रॉड काढून बघा. त्यावर पांढरं, खरखरीत पूट चढलं असेल तर पाणी जड आहे. जड पाण्यात साबणाचा फेस कमी होतो, म्हणून माणूस आणखी साबण लावतो, आणि त्या पाण्यातल्या चुन्याशी मिळून साबणाची जी चिकट साय बनते ती अंगावर राहून खाज आणते. अशा घरात साबण आणखी कमी करा आणि शेवटचे दोन तांबे नळाच्या किंवा उकळून गार केलेल्या, वरून निथळून घेतलेल्या पाण्याचे घ्या. उकळल्यावर चुन्याचा बराचसा भाग तळाशी बसतो.

अंग पुसताना टॉवेल घासू नका, दाबून टिपा. त्वचा दमट राहिली पाहिजे. आता न्हाणीघराचं दार उघडायच्या आधीच, तीन मिनिटांच्या आत, तेल. आत वाफ असते म्हणून थंडीही वाजत नाही. तेलाची बाटली त्यासाठी आतच ठेवा. ती कपाटात राहिली की रोज उद्यावर जातं.

कोणतं तेल, किती

मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला दोन ते तीन चमचे, म्हणजे दहा ते पंधरा मिली पुरतं. हे चहाचे चमचे, पोह्यांचे नाहीत. तेल तळहातावर घेऊन दोन्ही हात एकमेकांवर घासा, मग नडग्या, पोटऱ्या, कोपरं, कंबर या क्रमानं लावा. जिथं जास्त उलतं तिथं आधी. उरलेला हात छाती-पाठीवर फिरवायचा. कपड्यांना डाग पडत असतील तर तेल जास्त झालंय.

विदर्भात सहज मिळणाऱ्यांत पहिली पसंती तीळ, करडई किंवा सूर्यफूल. या तेलांत लिनोलिक आम्ल भरपूर असतं आणि त्वचेच्या वरच्या थराच्या डागडुजीला ते लागतं. तीळ तेल न भाजलेल्या तिळाचं घ्यावं; भाजलेल्याला स्वयंपाकघराचा वास येतो आणि तो दिवसभर राहतो. लाकडी घाण्याचं मिळालं तर उत्तम, पण साधं शुद्ध केलेलं तेलही अंगाला चालतं.

खोबरेल चांगलंच आहे, अडचण एवढीच की चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली ते गोठतं आणि नागपूरच्या सकाळी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. माणूस मग ती गॅसवर धरतो. त्यापेक्षा तीन भाग तीळ तेल आणि एक भाग खोबरेल मिसळून ठेवा. फार थंडीत घट्ट झालंच तर बाटली गरम पाण्याच्या मगात पाच मिनिटं उभी करा.

मोहरीचं तेल ऊब देतं, पण ती ऊब म्हणजे त्वचेची चिडचिड असते. उललेल्या अंगाला आणि बाळाला नको. ऑलिव्ह तेल महाग म्हणून भारी असं समजू नका. त्यात ओलिक आम्ल जास्त असतं आणि कोरड्या त्वचेवर रोज लावलं तर वरचा थर आणखी सैल पडतो. बाळाच्या मालिशीलाही ते टाळावं.

जवसाबद्दल मुद्दाम सांगावं लागतं, कारण आपल्याकडे जवस घरोघरी असतो. जवसाची चटणी पोटात जाऊ द्या, तेल अंगाला लावू नका. ते हवेत सुकणारं तेल आहे, रंगकामात ते वापरतात ते याच गुणामुळे. अंगावर ते चिकट होतं, खवट वासाचं होतं आणि बनियनवर पिवळे डाग सोडतं. जवसाच्या तेलानं माखलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेटूही शकतात. एवढा उपद्व्याप कशाला?

आंघोळीआधीचं तेल, म्हणजे दिवाळीतला अभ्यंग, नरक चतुर्दशीपुरता ठेवू नका. आठवड्यातून दोनदा आंघोळीच्या पंधरा-वीस मिनिटं आधी चार चमचे तेल लावलं तर साबण आणि गरम पाणी त्या तेलावर काम करतं, त्वचेवर कमी. मात्र तेलकट पायांनी न्हाणीघरात शिरताना फरशीवर जुना टॉवेल अंथरा. घरात म्हातारी माणसं असतील तर ही सूचना तेलाइतकीच महत्त्वाची.

ग्लिसरीन: चांगलं, पण निम्मे लोक चुकीचं वापरतात

ग्लिसरीन पाणी ओढून धरतं. हवेत पाणी असेल तर हवेतून, नसेल तर त्वचेच्या खालच्या थरातून. म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेलं ग्लिसरीन तसंच्या तसं चेहऱ्यावर फासलं की तासाभरानं चेहरा आणखी ओढल्यासारखा होतो.

चार चमचे ग्लिसरीन (वीस मिली) आणि सोळा चमचे गुलाबजल (ऐंशी मिली). धुऊन उन्हात कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत घालून हलवा. झालं. गुलाबजलाचा वास अत्तरासारखा भडक असेल तर तो बहुधा नुसता सुगंध घातलेला पाण्याचा माल असतो. त्यापेक्षा उकळून गार केलेलं पाणी बरं. हे मिश्रण फ्रीजमध्ये सात दिवस टिकतं, आठव्या दिवशी फेकायचं. जास्त करून ठेवण्यात काही हशील नाही.

लावायची रीत: चेहरा धुऊन टिपला, ओलसर आहे तोवर अर्धा चमचा मिश्रण चेहऱ्याला आणि मानेला, मग एक मिनिट थांबून वरून तीळ तेलाचे तीन-चार थेंब. वरचं तेल विसरलात तर अर्धं काम वाया. चिकट वाटलं तर पुढच्या खेपेला गुलाबजल चार चमचे वाढवा.

या मिश्रणात लिंबू पिळायची जुनी पद्धत आहे. ती सोडून द्या. उललेल्या त्वचेवर लिंबू झोंबतं, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर डाग पडतात, कधी फोडही येतात. थंडीत आपण गच्चीवर ऊन खात बसतो, त्यामुळे हा धोका इथं पुस्तकी नाही.

कोरफडीचंही ग्लिसरीनसारखंच. तिचा गर जवळजवळ सगळा पाणीच असतो, त्यामुळे एकटा लावला की वाळून ताणतो. वरून तेल हवंच. पान कापल्यावर दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवून पिवळा चीक गळू द्या आणि पान धुऊन मगच सोला. खाज येते ती बहुतेक वेळा त्या चिकामुळे. काढलेला गर फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस, पुढे नाही.

शतधौत घृत

वेळ खाणारा प्रकार, पण थंडीतल्या चेहऱ्यासाठी, डोळ्यांखालच्या पातळ त्वचेसाठी आणि फुटलेल्या गालांसाठी आमच्या मते घरात बनणाऱ्या गोष्टींत याच्या तोडीचं दुसरं नाही. नावातच कृती आहे: शंभर वेळा धुतलेलं तूप. हिवाळ्याची सकाळ याला सोयीची, कारण तूप घट्ट असतं.

गाईचं साजूक तूप पन्नास ग्रॅम घ्या, खमंग कढवलेलं नको. फिकट आणि कमी वासाचं बघा. पाणी पाच-सहा लिटर, उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं. तांब्याचं पसरट ताट किंवा छोटी परात आणि घासायला तांब्याच्या लोट्याचा सपाट तळ. भांडी लिंबू-मिठानं लख्ख घासा, मग साध्या पाण्यानं तीन वेळा धुवा. हिरवट डाग दिसत असेल ते भांडं वापरूच नका. एका वाटीत तुरीच्या डाळीचे शंभर दाणे मोजून ठेवा. एक धुणं झालं की एक दाणा दुसऱ्या वाटीत. मोजणी डोक्यात ठेवणारा तिसाव्याला हमखास चुकतो.

तूप ताटात घेऊन आधी पाण्याशिवाय दोन मिनिटं घासा, त्यातले रवाळ कण मोडले पाहिजेत. मग पाव वाटी, म्हणजे पन्नास-साठ मिली गार पाणी घाला आणि लोट्याच्या तळानं गोल गोल घासा. सुरुवातीला तूप आणि पाणी एकमेकांना दाद देत नाहीत. तूप बाजूला सरकतं, पाणी ताटाच्या कडेला पळतं. घाबरून वेग वाढवू नका. मिनिट-दीड मिनिट घासलं की पाणी गढूळ होतं. ताट तिरकं करून ते ओतून टाका, दाणा टाका, नवं पाणी घाला.

साधारण पंधरा-वीस धुण्यांनंतर पिवळेपणा उतरतो. तीस-चाळीसच्या पुढे तूप ताटाला चिकटून राहायला लागतं आणि लोटा फिरवताना चपचप असा आवाज येतो. सत्तरच्या आसपास ते ताज्या लोण्यासारखं पांढरं, फुगलेलं दिसतं आणि तुपाचा वास जवळजवळ जातो. सगळं मिळून अडीच ते तीन तास. दोघांनी आळीपाळीनं करा. मध्ये थांबलात तरी बिघडत नाही, फक्त ताट उन्हात ठेवू नका.

शंभरावं पाणी ओतल्यावर खरं महत्त्वाचं काम उरतं: आतलं सुटं पाणी काढणं. पाण्याशिवाय दहा मिनिटं घासत राहा, ताट तिरकं करून झिरपलेलं पाणी मलमलच्या फडक्यानं टिपा, परत घासा. ही पायरी गाळली की मलमावर चार दिवसांत बुरशीचे ठिपके येतात. कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, बोट न घालता चमच्यानं काढा आणि पंधरा दिवसांत संपवा.

बिघडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. तूप वितळलेलं असेल तर ते पाण्यावर तरंगत राहतं आणि पांढरं होत नाही. अशा वेळी ताट बर्फाच्या पाण्यावर पाच मिनिटं धरा. मलमाला हिरवट छटा आली तर भांडं स्वच्छ नव्हतं, सगळं फेकून द्या, मन घट्ट करून. आणि आंबूस वास आला तर पाणी राहिलं. तांब्याचं ताट नसेल तर स्टीलमध्येही पांढरं, हलकं मलम होतं. आयुर्वेदातली जुनी रीत तांब्याची आहे, पण नसल्यानं काम अडत नाही.

लावताना हरभऱ्याच्या दाण्याएवढं पूर्ण चेहऱ्याला पुरतं. रात्री, ओलसर चेहऱ्यावर. तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्याला नको. तिथं गालांच्या कोरड्या भागापुरतंच.

उटणं, आणि संत्र्याच्या सालीचं काय करायचं

डाळीचं पीठ मळासोबत तेलही शोषून घेतं. म्हणून कोरड्या अंगाला पीठ-पाण्याचं उटणं म्हणजे साबणाचाच भाऊ. थंडीत त्यात चिकटपणा घालावा लागतो: दोन मोठे चमचे चाळलेलं बेसन, एक मोठा चमचा ताजी साय, एक चहाचा चमचा तीळ तेल, चिमूटभर हळद. इडलीच्या पिठासारखं सैल झालं पाहिजे. ओल्या अंगावर लावा आणि दोन-तीन मिनिटांत धुवा. वाळून कडक होईपर्यंत थांबायचं नाही. वाळलेलं उटणं चोळून काढताना त्वचेचा वरचा थर सोबत येतो. आठवड्यातून एकदा पुरे. साय त्याच दिवशीची हवी, उरलेलं उटणं ठेवायचं नाही.

हळद चिमूटभरच. वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद असेल तर त्याहून कमी, तिचा रंग इतका पक्का की दुसऱ्या दिवशी ऑफिसात लोक विचारतील लग्न कुणाचं.

मुलतानी माती थंडीत कपाटात राहू द्या. तिचं कामच तेल पिणं.

आता संत्र्याची साल. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर येणारी संत्री बाजारात आली की इथल्या प्रत्येक गच्चीवर सालं वाळत पडतात, आणि त्यांची पूड दुधात कालवून तोंडाला लावणं हा नागपूरचा जणू राज्य-उपाय आहे. कोरड्या त्वचेसाठी तो चुकीचा आहे. वाळलेल्या सालीच्या कणांना धार असते, घरच्या मिक्सरमध्ये ती मोडत नाही. सालीतलं सुगंधी तेल हवेत राहून बदलतं आणि बदललेलं तेल अनेकांना पुरळ आणतं. तेलकट चेहऱ्याची माणसं ती पूड सहन करतात, उललेला गाल करत नाही. संत्रं खा, साल कुंडीच्या खतात टाका.

तिच्याऐवजी ओट्स. साधे, मसाला नसलेले ओट्स मिक्सरमध्ये मैद्याइतके बारीक करा. परीक्षा सोपी: एक मोठा चमचा पूड ग्लासभर कोमट पाण्यात ढवळा. पाणी दुधाळ झालं आणि तळाशी लगेच गाळ बसला नाही तर दळण बरोबर. अशी तीन मोठे चमचे पूड मलमलच्या पुरचुंडीत बांधून बादलीत पाच मिनिटं पिळत राहा आणि ते पाणी आंघोळीच्या शेवटी अंगावर घ्या, वरून साधं पाणी नको. खाज कमी करायला हे घरगुती उपायांत सर्वांत भरवशाचं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००३ मध्ये बारीक दळलेल्या ओट्सला त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली आहे. फरशी मात्र बुळबुळीत होते. धान्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी हे करू नये.

टाचा

टाचांना तेलग्रंथी नसतात, तिथली कातडी जाड असते आणि वजन सगळं तिथं. म्हणून नुसत्या तेलानं भागत नाही, घट्ट मलम लागतं.

दहा ग्रॅम मधमाश्यांचं मेण, चाळीस ग्रॅम तीळ तेल, दहा ग्रॅम मोहाच्या बियांचं म्हणजे टोळीचं तेल. टोळीचं तेल पूर्व विदर्भातून येतं, थंडीत तुपासारखं थिजतं आणि टाचांसाठी ते जुनं औषध आहे. न मिळाल्यास कोकणातलं कोकमाचं मुठेल तितकंच घ्या. नागपूरच्या इतवारी बाजारात किराणा ओळीच्या बाजूच्या जडीबुटीच्या दुकानांत मेण आणि मुठेल विचारून पाहा. मेण घेताना वास घ्या: खऱ्या मेणाला मधाचा मंद वास असतो. रंगीत, सुगंधी मेणबत्ती वितळवून टाचांत भरू नका.

पातेल्यात तीन बोटं पाणी तापवा, त्यात स्टीलची वाटी ठेवून मेण किसून घाला. मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणजे पाणी उकळायचीही गरज नाही. थेट गॅसवर वाटी ठेवाल तर मेण करपतं आणि पेटूही शकतं. वितळलं की दोन्ही तेलं घाला. क्षणभर सगळं परत घट्ट दिसेल, ढवळत राहा. एकजीव झालं की थेंबभर गार स्टीलच्या चमच्यावर टाका, दोन मिनिटांनी बोटानं दाबा. बोट सहज रुतलं पाहिजे. दगडासारखं लागलं तर दहा ग्रॅम तेल वाढवा, ओघळलं तर दोन ग्रॅम मेण. यात पाणी नाही, म्हणून कोरड्या डबीत दोन-तीन महिने राहतं. गुठळ्या झाल्या तर परत वितळवून डबी पटकन गार करा.

रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय बुडवा. मऊ झालेल्या कातडीवर वजरी हलक्या हातानं, एकाच दिशेनं, सात-आठ वेळा, आणि तेही आठवड्यातून दोनदाच. पाय टिपा, बोटांच्या बेचक्या मात्र पूर्ण कोरड्या करा. टाचेवर मलम, वर सुती मोजे. सात-आठ दिवसांत कडा मऊ पडतात, भेग भरायला दोन-तीन आठवडे जातात. दिवसा उघड्या टाचेची सपाता आणि थंडगार फरशी चालूच असेल तर रात्रीचं सगळं पाण्यात. घरातही मोजे घाला.

भेगेतून रक्त येत असेल तर वजरी बंद, फक्त मलम. ब्लेडनं कातडी कापणं कुणासाठीच नको. मधुमेह असलेल्यांनी पाय भिजत घालू नयेत आणि भेग दिसताच डॉक्टरांना दाखवावी. संवेदना कमी झालेल्या पायाला चटका बसलेला कळत नाही. कोरडेपणा एकाच पायाला असेल, तळव्यावर पिठासारखी पूड आणि बेचक्यांत खाज असेल, तर तो बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. मलमानं तो जात नाही.

ओठ, हात, शेकोटी

ओठांना साजूक तूप किंवा वरचंच मेणाचं मलम, दिवसातून पाच-सहा वेळा, तांदळाच्या दाण्याएवढं. जीभ फिरवायची सवय मोडा. लाळ उडताना ओठांतलं पाणीही नेते. उललेल्या ओठांनी सावजी रस्सा खायची हौस असेल तर आधी तुपाचं बोट फिरवा. बेंबीत तेल घातलं की ओठ उलत नाहीत असं घराघरांत सांगतात. बेंबीपासून ओठांपर्यंत नळी नाही. ते थेंबभर तेल थेट ओठांना लावा.

भांडी घासणाऱ्या हातांना प्रत्येक वेळी हात टिपल्यावर लगेच दोन थेंब तेल. सिंकजवळच छोटी बाटली ठेवा.

शेकोटी किंवा रूम हीटरसमोर रोज तासन् तास बसलं की नडग्यांवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात आणि ते महिनोन् महिने राहतात. हात-दीड हात नव्हे, चांगलं चार-पाच हात लांब बसा. खोलीत हीटर लावणारच असाल तर खुर्चीवर ओला टॉवेल पसरा. वाटीभर पाण्यापेक्षा त्यातून जास्त ओल हवेत जाते.

लहान मुलं आणि म्हातारी माणसं

बाळाला उटणं, हळद, कापूर काही नको. खोबरेल किंवा सूर्यफूल तेल, तेही आंघोळीनंतर ओल्या अंगावर. खाजेसाठी खोबरेलात कापूर घालायची पद्धत मोठ्यांपुरती ठेवा, लहान मुलांच्या अंगात कापूर भिनणं धोक्याचं असतं. वर्षाखालच्या बाळाच्या ओठांना मध लावू नका.

म्हाताऱ्या माणसांच्या नडग्यांवर सुकलेल्या तळ्यासारख्या चिरा पडतात. तिथं साबण पूर्ण बंद, दिवसातून दोनदा तेल आणि रात्री घट्ट थर. घरच्या मलमानं नाही भागलं तर दुकानातली साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली घ्या. घरगुती नसली तरी पाणी अडवण्यात तिच्याइतकं पटाईत दुसरं काही नाही, आणि स्वस्तही.

कोणताही नवा प्रकार आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दोन दिवस लावून बघा. लाली, खाज आली तर तो आपल्याला नाही, मग तो कितीही नैसर्गिक असो.

दोन आठवडे नीट करूनही फरक नसेल, चिरांतून पाणी किंवा पू येत असेल, चंदेरी पापुद्रे निघत असतील, किंवा घरातल्या दोघा-तिघांना रात्री बेचक्यांत आणि पोटावर खाज सुटत असेल (ही बहुधा खरूज असते, कोरडेपणा नव्हे), तर नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा मिहानमधल्या एम्स या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात दाखवा. दुकानदारानं दिलेलं स्टेरॉइडचं मलम चार दिवस छान वाटतं आणि नंतर कातडी पातळ करून जातं.

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघते, तेव्हा मलमही आवरतं घ्या. फेब्रुवारीच्या शेवटी दुपारी घाम फुटायला लागला की आधी पाठ-छातीचं तेल बंद करा, मग चेहऱ्याचं, नाहीतर तेल आणि घाम मिळून पुळ्या येतात. टाचांचं मलम मात्र होळीपर्यंत चालू राहू द्या.